केसभर अंतर

विहिरीवरचे डिझेल इंजिन ही एके काळी खेड्यातील घराची मोठी मिळकत समजली जात असे. मोटेचे बैल थकले, नाडा आणि सोंदूर अडगळीत गेले आणि त्यांच्या जागी ओतीव लोखंडाचे एक काळे, जड, तेलकट यंत्र येऊन बसले. त्याची दोन अवजड चाके फिरू लागली म्हणजे शिवारभर एकसारखा ठेका ऐकू येई. कोणाच्या विहिरीवर पाणी चालू आहे, हे सांगण्यास बाहेर जाऊन पाहावे लागत नसे. प्रत्येक इंजिनाचा स्वर निराळा असे आणि घरातील माणसे तो स्वर ओळखीत असत.

ज्या घडणीच्या इंजिनाविषयी मी लिहीत आहे, तिचा मूळ आराखडा इंग्लंडमधील डर्सली या गावच्या लिस्टर कंपनीचा. १९३० च्या सुमारास हे इंजिन बाजारात आले. एकच उभे सिलिंडर, मिनिटाला अवघे ६५० फेरे आणि सुमारे सहा अश्वशक्ती, इतकाच त्याचा पसारा. परंतु ते दणकट होते आणि साधे होते. महाराष्ट्रात सातारचे कूपर आणि पुण्याचे किर्लोस्कर यांनी डिझेल इंजिने बनविण्यात नाव मिळविले. राजकोटच्या कारखानदारांनी लिस्टरचा हा जुना आराखडा उचलून धरला आणि त्या घडणीची इंजिने गुजरातेतून राजस्थान, माळवा, उत्तर प्रदेश असा प्रवास करीत दूरदूरच्या विहिरींवर पोचली. मूळ देशात असले इंजिन आता हौशी लोकांच्या संग्रहात दिसते. आपल्याकडे मात्र ते अजूनही कोठे पाणी उपसते, तर कोठे पिठाची गिरणी चालविते.

आमचे घराणे चार पिढ्यांपूर्वी संस्थानी नोकरीच्या निमित्ताने माळव्यात आले व देवासच्या बाजूस स्थायिक झाले. घरात मराठी, अंगणात माळवी आणि कचेरीत हिंदी अशी आमची रीत आहे. मी इंदुरास शाळेत गणित शिकविण्यात हयात घालविली. शेती थोरल्या बंधूंनी पाहिली. १९७८ साली त्यांनी राजकोटी बनावटीचे सहा अश्वशक्तीचे इंजिन घेतले. तीनशे किलोंहून जड असलेले ते धूड बैलगाडीतून उतरविण्यास आठ माणसे लागली होती. बंधू आता नाहीत. शेतीचा व्यवहार पुतण्याच्या हाती आहे आणि घराचा शब्द अजूनही वहिनींचा आहे. विहिरीवर विजेची मोटर येऊन पुष्कळ वर्षे झाली. इंजिन शेजारच्या छपरीत अडीअडचणीसाठी ठेवलेले असते. पुतण्या महिन्यातून एकदा ते चालू करून पाहतो, इतकाच त्याचा उपयोग उरला होता.

गेल्या माघात मात्र ती अडीअडचण उभी राहिली. आमच्या भागातील विजेचे रोहित्र जळाले आणि नवे येण्यास किती दिवस लागतील, ते कोणी सांगू शकेना. गहू ऐंशी दिवसांचा झालेला. शेतकऱ्यांना ठाऊकच आहे की, पेरणीनंतर एकविसाव्या दिवसाचे, मुकुटमुळे फुटण्याच्या वेळचे पाणी जितके महत्त्वाचे, तितकेच फुलोऱ्याचे आणि दाणा दुधावर येतानाचे पाणीही चुकवून चालत नाही. त्या वेळी ताण बसला तर दाणा बारीक राहतो आणि मग कितीही पाणी दिले तरी तो भरत नाही. आमच्या सहा एकरांतील वर्षाची भाकरी त्या आठ-दहा दिवसांवर अवलंबून होती.

पुतण्याने इंजिन चालू केले. पहिले तीन तास ते बरे चालले. दुपारी वहिनी डाळ निवडीत ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी सुपातला हात थांबविला व म्हणाल्या, “भाऊजी, इंजिन बंद करायला सांगा. आत काही तरी आपटते आहे.” मी कान दिला. धूर सोडण्याच्या ठेक्याखाली एक बारीक, बोथट ‘ठक्‌ ठक्‌’ खरोखरच येत होती. पंपावरील भार वाढला की ती मोठी होई आणि भार कमी केला की बारीक होई. पुतण्या म्हणाला, “आणखी दोन वाफे भिजू देत, मग पाहू.” वहिनींनी उत्तर दिले नाही. त्या स्वतः उठून छपरीकडे चालू लागल्या, तेव्हा त्याने डिझेलचा खटका ओढला.

संध्याकाळी घरात विचार सुरू झाला. पुतण्याचे म्हणणे गैर नव्हते. भंगाराचा व्यापारी वजनावर चांगली रक्कम देण्यास तयार होता. डिझेल महाग, धूर त्रासदायक, सुटे भाग शोधावे लागतात आणि केंद्र सरकारने २०१९ साली सुरू केलेल्या कुसुम योजनेखाली सौर पंपासाठी त्याने अर्जही केलेला होता. “काका, या जुन्या लोखंडात पैसे घालायचे कशासाठी? त्यापेक्षा चार दिवस भाड्याचे इंजिन आणू,” तो म्हणाला. भाड्याच्या इंजिनासाठी फोन झाले. परंतु रोहित्र जळालेल्या प्रत्येक घराला त्या आठवड्यात इंजिनच हवे होते. वहिनी एवढेच म्हणाल्या, “विकायचे की ठेवायचे, ते नंतर ठरवा. गव्हाला पाणी आधी द्यायचे आहे. मिस्त्रींना बोलवा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आले. सत्तरीच्या घरातले, डोळ्यांना जाड भिंगांचा चष्मा. त्यांनी इंजिन चालू करण्यास सांगितलेच नाही. चाकाखाली दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकून ते हलणार नाही असे केले, तळातील तेल एका परातीत काढले आणि इंजिनाच्या कुशीवरचे झाकण उघडले. या घडणीचा हा मोठा गुण आहे. कुशीचे झाकण उघडले की क्रँकदांडा व त्याला धरणारे कनेक्टिंग रॉडचे मोठे टोक हाताशी येते. सबंध यंत्र खोलावे लागत नाही. मिस्त्रींनी आत हात घालून रॉड वर-खाली हलविला, मान डोलावली आणि वहिनींकडे पाहून म्हणाले, “माँजी, मेटल गया.”

ज्यास पुस्तकात बेअरिंग म्हणतात, त्यास आपल्याकडचे मिस्त्री ‘मेटल’ म्हणतात. बेअरिंग म्हटले की सामान्यतः सायकलीच्या चाकातील छर्रे डोळ्यांपुढे येतात. या ठिकाणी छर्रे नसतात. पोलादी पाठ असलेल्या दोन अर्धगोल पन्हळी असतात आणि त्यांच्या आतील बाजूस पांढऱ्या, मऊ धातूचा थर असतो. दोन पन्हळी जोडल्या म्हणजे एक कडे तयार होते आणि त्या कड्यात क्रँकदांडा फिरतो. या इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे एक स्फोट होतो. म्हणजे मिनिटाला सव्वातीनशे आणि आठ तासांच्या पाळीत दीड लाखाहून अधिक. प्रत्येक स्फोटाचा टनांत मोजावा असा धक्का दट्ट्यावरून रॉडवर आणि रॉडवरून या कड्यावर येतो. दीड लाख घाव रोज सोसणारी ही वस्तू मऊ धातूची का असावी, असा प्रश्न माझ्या मनात आला आणि वाचकांच्याही मनात येईल.

याचे उत्तर मोठे मनोरंजक आहे. अमेरिकेतील आयझॅक बॅबिट या गृहस्थांनी १८३९ साली कथील, अँटिमनी आणि तांबे यांच्या अशा मिश्रधातूच्या बेअरिंगचे पेटंट मिळविले. या धातूत मऊ कथलाच्या गाभ्यात कठीण कण विखुरलेले असतात. कठीण कण भार पेलतात आणि मऊ गाभा दांड्याच्या आकाराशी जुळवून घेतो. तेलातून धुळीचा कण आला तर तो या गाभ्यात रुतून बसतो आणि महागड्या पोलादी दांड्यावर ओरखडा उठत नाही. तेल संपले तर सुमारे २४० अंश सेल्सिअसलाच हा धातू वितळू लागतो. त्याचा नाश होतो, परंतु क्रँकदांडा वाचण्याची आशा राहते. बेअरिंग बदलण्यास थोडके रुपये पडतात, क्रँकदांडा बदलणे म्हणजे निम्मे इंजिन बदलणे. घरातील वडीलधारी माणसे मुलांवर येणारा घाव आपल्या अंगावर घेतात, तसाच हा प्रकार आहे.

परंतु सुस्थितीतील इंजिनात दांडा आणि मेटल ही दोन्ही चालताना एकमेकांस जवळजवळ लागतच नाहीत. त्यांच्यामध्ये तेलाचा एक पातळ पडदा असतो आणि सगळा भार त्या पडद्यावर तरंगतो. ही गोष्ट इंग्लंडात बोशां टॉवर यांच्या १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी जगापुढे आली. ते रेल्वेच्या आसांसारख्या बेअरिंगवर प्रयोग करीत होते. बेअरिंगच्या माथ्यावर तेल घालण्यासाठी छिद्र पाडले, तर तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. त्यांनी बूच बसविले, तर तेही आतून ढकलून बाहेर निघाले. आतल्या तेलात केवढा दाब निर्माण होतो, हे त्यांना त्यावरून उमगले. पुढे १८८६ साली ऑस्बर्न रेनल्ड्‌स यांनी त्याचे गणित मांडले. फिरणारा दांडा आपल्या बरोबर तेल ओढून नेतो, ते तेल निमुळत्या फटीत कोंबले जाते आणि त्या कोंबण्यातूनच भार उचलणारा दाब उत्पन्न होतो. फट नसेल तर तेलाला शिरण्यास जागा नाही. फट फार मोठी असेल तर दाब टिकत नाही. म्हणजे भार पेलण्याचे काम खरोखर त्या मोजून ठेवलेल्या मोकळ्या जागेचे आहे.

हे मी रात्री जेवताना सांगितले, तेव्हा वहिनींना त्यात नवल वाटले नाही. त्या म्हणाल्या, “जात्याचेही तसेच असते. पीठ दळताना पाळू बसते ठेवावे लागते आणि डाळ भरडायची असली की खुंट्याला चिंधी घालून वरची तळी जरा उचलावी लागते. उचलली नाही तर डाळीचे पीठ होते आणि जास्त उचलली तर अख्खे दाणे बाहेर पडतात.” बैलगाडीच्या आसाला घालण्यासाठी एरंडेलाच्या वंगणाचे नळकांडे गाडीखाली लोंबत असे, तेही त्यांनी आठवून दिले. वंगण आणि अंतर यांचे शास्त्र आपल्या घरांत नावाशिवाय वावरत होते, एवढेच खरे.

मिस्त्रींनी टोपीचे दोन्ही नट सोडविले आणि जुने मेटल बाहेर काढले. खालच्या पन्हळीचा पांढरा थर दोन ठिकाणी उकलून निघाला होता व कडेला काळा पडला होता. पुतण्याने लगेच मोटारसायकलला किक मारली व देवासहून नवे मेटल आणण्यास निघाला. मिस्त्रींनी त्याला थांबविले. “आधी हे का गेले, ते पाहू. नाही तर नवेही याच वाटेने जाईल.” या इंजिनात मोठ्या टोकाच्या टोपीखाली एक लहान पळी असते. प्रत्येक फेऱ्याला ती तळातील तेलात बुडते, तेल उडविते आणि बेअरिंगला तेल मिळते. टोपीतील तेलाचे छिद्र काळ्या, घट्ट गाळाने जवळजवळ बुजले होते. महिन्यातून एकदा पाच मिनिटे चालणाऱ्या इंजिनाचे तेल कधी पुरते तापत नाही. त्यात ओलावा साचतो, गाळ धरतो आणि तो गाळ नेमका अरुंद वाटेत जाऊन बसतो. मिस्त्रींनी पितळी तारेने ते छिद्र साफ केले, रॉकेलने धुतले आणि तळाशी साचलेला गाळ चिंध्यांनी पुसून काढला. लोकरीचे सूत किंवा तंतू सुटणारे कापड त्यांनी हाती घेऊ दिले नाही. जुन्या धुतलेल्या धोतराचे तुकडे मात्र चालले.

मग दांड्याची पाहणी झाली. नखाचे टोक दांड्यावरून आडवे ओढून पाहिले. नख अडले तर ओरखडा खोल आहे असे समजावे. ते अडले नाही. गावातील लेथवाल्याकडून मोठा मायक्रोमीटर मागवून दांड्याची जाडी तीन जागी, उभी आणि आडवी मोजली. सहा मापांत दोन-तीन शतांश मिलिमीटरहून अधिक फरक निघाला नाही. दांडा गोल राहिला होता; त्याला लेथवर चढवून घासण्याची आणि मग कमी मापाचे मेटल शोधण्याची गरज उरली नाही. ही बातमी ऐकून वहिनी काही बोलल्या नाहीत, पण मिस्त्रींच्या चहात त्या दिवशी आले जरा जास्त पडले.

नवे मेटल आल्यावर मला वाटले होते की, आता ते बसवावयाचे आणि नट आवळावयाचे. प्रत्यक्षात खरे काम येथून सुरू झाले. मिस्त्रींनी तेलात शेंदूर कालवून त्याचा अगदी पातळ हात दांड्यावर फिरविला. मेटल बसवून टोपी आवळली, चाक हळूच थोडे पुढे-मागे फिरविले आणि पुन्हा सगळे उघडले. पांढऱ्या धातूवर दोन-तीन जागी तांबडे ठिपके उमटले होते. जेथे ठिपका, तेथे उंचवटा. त्रिकोणी कानस घासून बनविलेल्या स्क्रेपरने त्यांनी ते ठिपके इतके हलके खरवडले की, निघालेला कीस फुंकरीने उडाला. पुन्हा शेंदूर, पुन्हा बसविणे, पुन्हा उघडणे. पाच वेळा असे झाले. पाचव्या वेळी तांबडा रंग सगळीकडे सारखा पसरलेला दिसला. शेंदूर शिशापासून होतो आणि विषारी असतो; म्हणून मिस्त्रींनी पोरांना दूर बसविले होते आणि स्वतःही साबणाने कोपरापर्यंत हात धुतल्याखेरीज भाकरीला हात लावला नाही.

यानंतर अंतर मोजण्याची पाळी आली. जुन्या कारखान्यांत असा ठोकताळा आहे की, दांड्याच्या व्यासाच्या एक हजारांश इतकी फट असावी. डिझेल इंजिनात किंचित अधिक चालते. म्हणजे ५० मिलिमीटर जाडीच्या दांड्याला पाच ते आठ शतांश मिलिमीटर. माणसाचा केस साधारण तितकाच जाड असतो. एवढी बारीक फट बाहेरून मोजता येत नाही. त्यासाठी शिशाच्या बारीक तारेचे दोन तुकडे दांड्यावर आडवे ठेवून टोपी पूर्ण आवळतात. तार चेपून फटीइतकी पातळ होते. मग टोपी उघडून चेपलेली तार मायक्रोमीटरने मोजावयाची. तार आत असताना चाक मुळीच फिरता कामा नये, नाही तर माप खोटे येते.

मिस्त्रींना चष्म्यातूनही मायक्रोमीटरवरील रेषा दिसेनात. पुतण्याची मुलगी अकरावीत विज्ञान शिकते. ती म्हणाली, “आजोबा, हा तर आमच्या प्रयोगशाळेतला स्क्रू गेज आहे. मी वाचते.” तिने आधी मायक्रोमीटरची दोन टोके मिटवून शून्य बरोबर आहे की नाही ते पाहिले, खटका तीन वेळा वाजेपर्यंत फिरविला आणि सांगितले, “शून्य दशांश शून्य दोन.” म्हणजे दोन शतांश मिलिमीटर. मिस्त्रींनी मान हलविली. “तंग आहे.”

तोपर्यंत तिसरा दिवस मावळतीला आला होता. पुतण्याने सकाळपासून शेतात फेऱ्या मारल्या होत्या; वरच्या वाफ्यांतील गव्हाची पाने दुपारी वळू लागली होती. त्याचा धीर सुटला. “तंग असले तर बरेच नाही का? सैल होते म्हणून तर वाजत होते! आवळा आणि चालू करा, चालून चालून आपोआप जागा होईल.” त्याचे बोलणे ऐकून कोणासही ते खरे वाटावे. आणि वाफे तर खरोखरच सुकत होते. मिस्त्री वयाने मोठे असले तरी मालकाशी वाद घालणारे नव्हते. ते गप्प राहिले. मुलगीच म्हणाली, “बाबा, तेल जाणार कुठून? दोन शतांशात तेलाचा पडदा टिकणार नाही. तासाभरात वितळेल आणि मग आजीचा गहूही जाईल आणि दांडाही जाईल.” बापाने तिच्याकडे पाहिले. शाळेच्या प्रयोगवहीत गुणांसाठी लिहिली जाणारी संख्या अशी घरच्या गव्हाला येऊन भिडेल, असे त्यालाही वाटले नसावे. तो परातीच्या कडेला बसला आणि हळूच म्हणाला, “मग काय करायचे ते सांग.”

उपाय सोपा होता. टोपी आणि रॉड यांच्या जोडावर दोन्ही बाजूंना पाच शतांश मिलिमीटर जाडीची पितळी पत्र्याची चकती घालावयाची. कारागीर तिला शिम म्हणतात. पुतण्यानेच पत्रा कात्रीने कापला, कडा घासल्या आणि बोल्टासाठी भोके पाडली. शिम घालून नवी तार ठेवली, टोपी आवळली, उघडली. मुलीने माप वाचले: सात शतांश. दुसऱ्या तुकड्याचेही सातच आले. रॉड दांड्यावर डावी-उजवीकडे हाताने किंचित सरकतो की नाही, तेही मिस्त्रींनी पाहिले. मग मेटलवर भरपूर तेल घालून शेवटची जोडणी झाली. नट दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, सारख्या जोराने आवळले आणि प्रत्येक नटात नवी स्प्लिट पिन घातली. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरण्याचा मोह पुष्कळांना होतो. ती वाकवताना तुटली नाही तरी चालताना तुटते आणि सुटलेला नट इंजिनाची कूस फोडतो. तळात नवे तेल खुणेपर्यंत भरले.

चौथ्या दिवशी सकाळी इंजिन चालू झाले. पहिली दहा मिनिटे भाराशिवाय चालवून बंद केले, झाकण उघडले आणि मिस्त्रींनी मोठ्या टोकाला हाताची पाठ लावून पाहिली. ऊब होती, चटका नव्हता. पुन्हा अर्धा तास, पुन्हा तपासणी. त्यानंतर पंपाचा पट्टा चढविला, तोही प्रथम अर्ध्याच भारावर. वहिनी छपरीबाहेर पदर सावरून उभ्या होत्या. त्यांनी बराच वेळ ऐकले आणि म्हणाल्या, “आता ठीक आहे.” मिस्त्रींनी तपासणी संपल्याचे त्यानंतरच मानले. दुपारी पाणी वरच्या वाफ्यांत पोचले. पहिल्या पंचवीस तासांनंतर तेल बदलण्याची सूचना मिस्त्री देऊन गेले आणि ती तारीख मुलीने छपरीच्या दारावर खडूने लिहून ठेवली.

सहा दिवसांनी रोहित्र आले. तोवर सहाही एकर एकदा भिजून झाले होते. खर्चाचा हिशेब पुतण्यानेच मांडला: मेटल, तेल, शिमचा पत्रा आणि मिस्त्रींची तीन दिवसांची मजुरी मिळून जी रक्कम झाली, ती भाड्याच्या इंजिनाच्या तीन दिवसांच्या भाड्याहून कमी भरली. त्यावरून जुने ते सर्व ठेवावे, असा सिद्धांत मी काढू इच्छीत नाही. सौर पंप आला म्हणजे या इंजिनाचे काम आणखी कमी होईल आणि ते योग्यच आहे. डिझेलचा धूर कोणाच्याही शेताला हितकर नाही. तथापि, जी वस्तू घरात ठेवावयाची, ती चालती ठेवावी, हे आम्ही आता ठरविले आहे. महिन्यातून एकदा ते पुरते तापेपर्यंत, पाऊण तास भारावर चालवावयाचे आणि दर वर्षी पावसाळ्यानंतर तेल बदलावयाचे, असा नियम पुतण्याने केला आहे. भंगाराच्या व्यापाऱ्याचा फोन पुन्हा आला, तेव्हा त्याने एवढेच सांगितले की, आईला विचारावे लागेल. आणि तो विचारण्यास गेला नाही.

घरी असे काम काढणाऱ्यांना दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. आवाज बदलला की यंत्र त्याच क्षणी थांबवावे. त्या एका मिनिटावर दांडा वाचणे अवलंबून असते. बिघडलेला भाग बदलण्याआधी तो का बिघडला, ते शोधावे. माप घेतल्याखेरीज आवळू नये. जाणता माणूस शेजारी असल्यावाचून हात घालू नये आणि चाकाला पाचर लावल्यावाचून आत हात मुळीच घालू नये. घरातील मुलांना, विशेषतः मुलींना, अशा कामाजवळ बसू द्यावे. आमच्या मुलीने मोजलेले ते सात शतांश तिला कोणत्याही परीक्षेपेक्षा अधिक काळ स्मरतील.

माणसांच्या सहवासाविषयी आपण नेहमी म्हणतो की, नाती घट्ट असावीत. त्या तीन दिवसांत एका छपरीखाली सासू, मुलगा, नात आणि परका कारागीर एकत्र वावरले. कोणी कोणाला दाबले नाही आणि कोणी अंगही काढून घेतले नाही. वहिनींनी मुलाचा निर्णय मोडून काढला नाही, फक्त पुढे ढकलला. बापाने मुलीसमोर आपला शब्द मागे घेतला आणि मुलीने तो जिंकल्याचा आव आणला नाही. इतकी जागा प्रत्येकाने दुसऱ्याला दिली होती. भार पेलणाऱ्या सगळ्याच जोडांना तेवढी जागा लागते आणि ती तेलाने भरलेली असावी लागते.